अम्मीला कुणी विचारलं नाही

कमरुन्निसा सोलापूरच्या आमच्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागली ते साल चौऱ्याहत्तर. मी शेजारच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये होते. दोन्ही लॅबच्या मधल्या भिंतीत एक दार होतं आणि ते लावून घ्यायची कुणाला सवय नव्हती, त्यामुळे तिकडं काय चाललंय ते मला माझ्या टेबलावरून दिसायचं. पहिल्याच आठवड्यात ती त्या दारात येऊन उभी राहिली. बुरखा तिनं कपाटाशेजारच्या खिळ्याला अडकवलेला होता. साडीचा पदर सावरत म्हणाली, "बाई, थोडं फॉर्मिक ॲसिड मिळेल का? अगदी पातळ करून वापरणार आहे."

"बाई नको म्हणू," मी म्हटलं. "मी सोजर. कुंभारीची. तुझ्याच वयाची असेन."

तिला ॲसिड कशाला हवं होतं ते त्या दिवशी दुपारी कळलं. शरणप्पा सर, म्हणजे फिजिक्सचे विभागप्रमुख प्राध्यापक बिराजदार, यांच्या हाताखाली तिनं पीएच.डी.ला नाव घातलं होतं. सर अक्कलकोटकडचे; काही मनासारखं झालं नाही की कानडीत पुटपुटायचे. विषय होता, गॅमा किरणांनी स्फटिकात जे नुकसान होतं ते मायक्रोस्कोपखाली तपासायचं. पण तपासायला चांगले स्फटिक मिळत नव्हते. बाहेरून मागवायचे तर कॉलेज पैसे देईना.

मला आमची विहीर आठवली. बहात्तरच्या दुष्काळात वडिलांनी ती खोल करायला घेतली होती. सुरुंग लावला की काळ्या खडकाच्या पोटातल्या पोकळ्या उघड्या पडायच्या आणि त्यांतून गारेचे स्वच्छ, काचेसारखे तुकडे निघायचे. पाणी काही फार लागलं नाही, गारा मात्र ढीगभर पडून होत्या. सोमवारी येताना मी पिशवी भरून आणली. कमरुन्निसानं त्यांतला एक उजेडात धरला आणि कितीतरी वेळ फिरवून फिरवून बघत राहिली. "अगं, हे कॅल्साइट आहे," ती म्हणाली. "आणि तुमच्याकडं हे उकिरड्यावर?"

पुढं मी तिचं काम रोज पाहत गेले. स्फटिकावर ब्लेडची धार नेमक्या दिशेनं टेकवायची आणि वरून हलकीशी टिचकी. तुकडा सरळ दुभंगायचा, आणि समोरासमोरचे ते दोन पृष्ठभाग एकमेकांची हुबेहूब नक्कल असायचे. एक अर्धा इथंच ठेवायचा. दुसरा मुंबईच्या एका संस्थेत जायचा. तिथं कोबाल्टच्या बंद पेटीत तो दिवसच्या दिवस किरणांच्या माऱ्यात राहायचा आणि परत यायचा तेव्हा पातळ मधासारखा पिवळट झालेला असायचा. मग दोन्ही अर्धे क्षणभर ॲसिडमध्ये, लगेच पाण्यात, आणि कोरडे करून मायक्रोस्कोपखाली. जिथं स्फटिकाची रचना आतून बिघडलेली असते तिथं ॲसिड आधी चावतं आणि खळगा पडतो.

"ये, बघ," एकदा तिनं मला बोलावलं. इथं राहिलेल्या अर्ध्यावर पतंगाच्या आकाराचे काही खळगे होते, ठसठशीत, एकमेकांपासून लांब लांब. तिनं दुसरा अर्धा सरकवला. तेच खळगे त्याच जागी होते, पण मधली सगळी मोकळी जागा बारीक बारीक टोचण्यांनी भरून गेली होती. देवी आलेल्या चेहऱ्यासारखी.

"मोठे आहेत ते जुने. जन्मजात," ती म्हणाली. "बारीक आहेत ते आपण केलेलं नुकसान. वरून हात लावला तर गुळगुळीत लागतं. कळत पण नाही."

ती ते तासन्‌तास बघायची. फोटो काढायची, खळगे मोजायची, पुन्हा बघायची. डोळे मिटले तरी दिसतात म्हणायची. तेव्हा ते कौतुकानं म्हणायची.

तिचं घर विजापूर वेशीजवळच्या एका गल्लीत होतं. वडील रहिमतुल्ला चाचा यांचा स्वतःचा ट्रक होता. चादरींच्या गाठी कारखान्यांतून उचलून मालधक्क्यावर पोचवायच्या, हा त्यांचा धंदा. गडी अंगानं थोराड, बोलायला मऊ. मुलगी एम.एस्सी. झाली याचा त्यांना इतका अभिमान होता, की ट्रकचा क्लच बिघडला तरी ते तिला विचारायचे. ती सांगायची, "अब्बा, मला यातलं काही कळत नाही." ते म्हणायचे, "फिजिक्स म्हणजे मशीनच की."

आणि अम्मी, मदिनाबी चाची. गल्लीतल्या मुलींना त्या कुराण वाचायला शिकवायच्या. दुपारी जेवणं उरकली की ओसरीवर मुली ओळीनं बसायच्या आणि त्यांचा आवाज सुरू व्हायचा. मी अरबीतलं अक्षर जाणत नाही, पण पहिल्यांदा गेले तेव्हा ओसरीच्या पायरीवरच थांबले. बाई तशी किरकोळ, दातांना मिसरी लावायची सवय असलेली, बोलताना साधी. वाचायला लागली की मात्र आवाज खोल, स्थिर, कुठंही न घाई करणारा. पलीकडच्या गल्लीतली हातमागांची खटखट त्या आवाजापुढं मागं सरायची. बाया रडकी, किरकिरी लेकरं घेऊन यायच्या. चाची ओठांतल्या ओठांत काही म्हणून लेकराच्या तोंडावर हलकी फुंकर घालायच्या. त्याला दम करणं म्हणतात. हिंदू घरांतल्या बायाही यायच्या. चाचींनी कुणाला जात विचारली नाही.

पंच्याहत्तरच्या दिवाळीच्या सुमाराला तो आवाज बसला. आधी वाटलं सर्दी. मग काढा झाला, मधातलं चाटण झालं, हकिमांची पुडी झाली. आवाज फाटत गेला. सोलापुरातल्या डॉक्टरांनी आरशानं घसा बघितला आणि वेळ न घालवता पुण्याला जा म्हणून सांगितलं. पुण्याच्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला. स्वरतंतूवर कॅन्सरची गाठ होती.

डॉक्टरांनी चाचींना बाहेर बसवलं आणि बापलेकीला आत बोलावलं. आत काय बोलणं झालं ते कमरुन्निसानं मला पुढं वर्षभरानं सांगितलं, आणि एकदा सांगायला लागली तेव्हा शब्द न्‌ शब्द सांगितला.

डॉक्टर म्हणाले, "गाठ अजून पसरलेली नाही. दोन रस्ते आहेत. एक कोबाल्टचे किरण द्यायचे, म्हणजे आपल्याकडं शेक म्हणतात तो. माझा कल तिकडं आहे. आवाज राहण्याची शक्यता चांगली आहे. गाठ नाहीच विरघळली तर ऑपरेशन पुढं आहेच, पण किरण दिलेल्या जागेची जखम भरायला त्रास होतो, हे मी आधीच सांगतो. दुसरा रस्ता म्हणजे आत्ताच ऑपरेशन. त्यात स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. बोलणं कायमचं जाईल. श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून."

रहिमतुल्ला चाचांनी डॉक्टरांकडं बघितलंच नाही. मुलीकडं वळून म्हणाले, "तू रोज हेच बघतीस ना, बेटा? हेच किरण. तू सांग."

तिनं डॉक्टरांना मात्रा विचारली. त्यांनी सांगितली. तिनं मनात हिशेब केला. तिच्या स्फटिकांना मिळायचं त्याच्यापुढं ते काहीच नव्हतं. तरी ती म्हणाली, "मी बघितलंय सर, आत काय होतं ते. वरून काही दिसत नाही."

"तुमच्या खड्यांना जेवढा मारा देता, त्याच्या पासंगालाही हा पुरायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि खड्यांना जीव नसतो. शरीर आपलं आपण सांधत असतं. सगळं नाही, पण पुष्कळ." त्यांनी विचार करायला दुपारपर्यंत वेळ दिला.

दवाखान्याच्या आवारात पाण्याचा नळ होता, त्याच्याजवळच्या कट्ट्यावर दोघं बसली. डॉक्टर बोलले ते सगळं तिला समजलं होतं, असं ती म्हणायची. डोक्याला समजलं होतं. पण अम्मीचा गळा म्हटलं की डोळ्यांपुढं तो पिवळा अर्धा यायचा आणि त्याच्यावरच्या टोचण्या.

"ऑपरेशन," ती म्हणाली. "कापून काढलं की मूळच गेलं."

"आवाज जाईल."

"जीव राहील, अब्बा."

चाचांनी उठून नळाखाली हात धुतले. मग म्हणाले, "तिला विचारून घेऊ या का?"

"ती आवाजासाठी शेकच मागेल. उद्या आतलं बिघडलं तर काय करायचं? तिला कसं समजावून सांगू मी?"

चाचांनी मान हलवली. मुलगी शिकलेली होती.

चाचींना त्यांनी एवढंच सांगितलं, की ऑपरेशन करावं लागेल आणि त्यानंतर बोलता येणार नाही. चाचींनी त्या फाटक्या आवाजात विचारलं, "दुसरा काई इलाज नै?"

"नै, अम्मी," कमरुन्निसा म्हणाली.

ऑपरेशनला जायच्या आधी चाची आठवडाभर घरी होत्या. त्या दिवसांत त्यांनी शिकवणं थांबवलं नाही. आवाज उमटेना तेव्हा त्या नुसत्या ओठांनी म्हणायच्या आणि मुली त्यांच्या तोंडाकडं बघून मोठ्यानं म्हणायच्या. निघायच्या दिवशी एका बाईनं लेकरू आणलं. चाचींनी त्याला मांडीवर घेऊन दम केला, त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि परत दिलं. मी तिथं होते.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ पूर्ण निघाली, डॉक्टर समाधानी होते. महिन्याभरानं चाची घरी आल्या तेव्हा गल्लीनं त्यांना बघायला गर्दी केली आणि दोन दिवसांत ती गर्दी ओसरली. गळ्यावर मलमलीचा तुकडा बांधलेला असे, त्याच्या मागून श्वासाची घरघर यायची. खोकला आला की तोंडावर हात जायचा आणि खोकला गळ्यातून निघायचा. नाकातून वारा जात नसल्यामुळं फोडणी जळाली तरी वास लागत नव्हता. चुलीत फुंकर घालता येत नव्हती. फुंकणी कोपऱ्यात पडून राहिली आणि चाचांनी रॉकेलचा स्टोव्ह आणला. अंघोळीला भीती, धुळीला भीती. कुणाला बोलवायचं तर टाळी.

मुली हळूहळू दुसऱ्या उस्तानीकडं जायला लागल्या. त्यांच्या आया येऊन अवघडून सांगायच्या, चाची मान हलवायच्या. लेकरं घेऊन कुणी येईना. दमासाठी फुंकर लागते.

दवाखान्यात त्यांना घशातून बोलायचं शिकवलं होतं. हवा गिळायची आणि ढेकर देत तिचे शब्द करायचे. चाचींना ते जमत होतं, पण स्वतःचा तो आवाज कानावर पडला की त्या तोंड फिरवायच्या. घरी त्यांनी तो काढलाच नाही.

इकडं कमरुन्निसाचं काम पुढं चाललं होतं. शरणप्पा सर खूश होते. एका परिषदेत तिनं निबंध वाचला, लोकांनी फोटो हातात घेऊन घेऊन बघितले. मी म्हणायचे, अम्मी वाचली, काम मार्गी लागलं, आता तरी थोडी हस. ती हसायची, तेवढ्यापुरती.

सत्त्याहत्तरच्या जानेवारीत चाचींना तपासणीसाठी पुण्याला न्यायचं होतं. चाचांना हैदराबादचं भाडं मिळालं होतं, म्हणून सोबतीला मी गेले. तपासणीच्या खोलीबाहेर लांब बाक होता. आमच्या शेजारी माळशिरसकडची एक बाई येऊन बसली. कासोटा घातलेलं लुगडं, हातात दशम्यांचं गाठोडं. केराबाई नाव. गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"आक्का, तुमचंबी गळ्याचंच व्हय?" तिनं चाचींना विचारलं.

चाचींनी मान हलवली. केराबाईनं मलमलीकडं बघितलं आणि जिभेनं चक्‌ केलं. "कापलं व्हय? लई वाढलं आसंल मग तुमचं. माझं आवाजाच्या दोरीवर हुतं. डाक्टर म्हनला, आदी शेक देऊ. रोज त्या मशिनीखाली झोपायचं. कातडं भाजल्यावानी काळं पडलं, गिळाया येईना, म्हैनाभर नुसती पेज. रडले मी. पन गेलं बगा. दोन वरसं झाली. आवाज जरा घोगरा हाय, पन हाय की. नातवाला हाका मारती, सुनंला शिव्या देती."

ती स्वतःच हसली. मी पण हसले, मला काहीच माहीत नव्हतं. मग मी चाचींकडं बघितलं. त्या कमरुन्निसाकडं बघत होत्या. कमरुन्निसा फरशीकडं.

"तुमचंबी दोरीवरच हुतं का?" केराबाईनं विचारलं.

चाचींनी बोट उचलून मुलीकडं दाखवलं, हिला विचार म्हणून. कमरुन्निसा म्हणाली, "हो. तिथंच होतं."

"आणि शेक न्हाय दिला?"

तेवढ्यात आतून मदिनाबींच्या नावाचा पुकारा झाला. त्या उठून एकट्याच आत गेल्या. मुलगी मागं निघाली तेव्हा त्यांनी हातानं तिला तिथंच बसवलं.

परतीच्या गाडीत चाची खिडकीशी तोंड करून बसल्या. दौंडला मी चहा आणला, तो त्यांनी घेतला नाही. कुर्डुवाडीला कमरुन्निसानं पाण्याचा तांब्या पुढं केला, तोही नाही. घरी पोचल्यावर त्या पलंगावर बसल्या, हवा गिळली आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच मुलीशी बोलल्या. खोल विहिरीतून बादली खरडत यावी तसा आवाज.

"मेरेकू पुछी नै तू."

दुसऱ्या दिवशी कमरुन्निसा मधल्या दारात उभी राहिली आणि तिनं मला सगळं सांगितलं. ते दार त्या दिवशी मी पहिल्यांदा लावून घेतलं.

"मला वाटलं मला माहीत आहे," ती म्हणाली. "डॉक्टर सांगत होते आणि मला वाटत होतं, यांनी मायक्रोस्कोपमधून बघितलेलं नाही. सोजर, मी तिला सरळ खोटं सांगितलं. दुसरा इलाज नाही म्हणून."

"तू तिच्या भल्यासाठीच..."

"ते नको," ती म्हणाली. 

घरात अबोला सुरू झाला. चाची तिच्या हातचं जेवेनात. ताट ठेवलं की उचलून स्टोव्हजवळ नेऊन ठेवायच्या आणि स्वतः वाढून घ्यायच्या. चाचा हात जोडून म्हणाले, "मी पण तिथं होतो. माझी पण चूक आहे." चाचींनी त्यांच्याकडं बघून नुसता हात हलवला. नवऱ्याकडून त्यांची तेवढी अपेक्षाच नसावी. मुलीकडून होती.

कमरुन्निसानं मायक्रोस्कोपवर कापड घातलं ते काढलं नाही. प्रॅक्टिकलं घ्यायची आणि घरी जायची. एक दिवस ती रजा काढून पुण्याला गेली, एकटीच. डॉक्टरांना भेटली.

"काय विचारलंस?" मी म्हटलं.

"तेव्हा किरण दिले असते तर काय झालं असतं, म्हणून. ते म्हणाले, कदाचित आवाज राहिला असता. कदाचित गाठ पुन्हा आली असती आणि आज त्या नसत्या. मला सांगता येणार नाही, तुम्हालाही कधी कळणार नाही." ती बाटलीचं बूच उघडत-लावत होती. "मी दोन्हींपैकी कुठलंही ऐकायला तयार होऊन गेले होते गं. तू चुकलीस म्हणाले असते तरी चाललं असतं."

शरणप्पा सरांना तिनं सांगितलं की काम सोडते. त्यांनी कारण विचारलं, तिनं तेही सांगितलं. सर बराच वेळ कानडीत काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, "तुझे फोटो खरे आहेत, कमरुन्निसा. आईबद्दल त्यांनी काही सांगितलं नव्हतं. ते तू त्यांच्याकडून वदवून घेतलंस." आणि पुढं, "सोडायचं की नाही ते तू ठरव. मी सांगणार नाही."

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका रविवारी कमरुन्निसानं मला कॉलेजात बोलावून घेतलं. बघते तर रहिमतुल्ला चाचांचा ट्रक फाटकाशी उभा आणि चाची त्यातून उतरत होत्या. त्यांनीच म्हटलं होतं म्हणे. चार महिन्यांत मुलीशी बोललेलं दुसरं वाक्य: "क्या देखी तू, दिखा."

जिना त्या सावकाश चढल्या, मध्ये दोनदा थांबून. गळ्यावरची मलमल श्वासाबरोबर आत-बाहेर होत होती. कमरुन्निसानं कापड काढलं, दिवा लावला, आधी इथला अर्धा ठेवला, मग मुंबईहून आलेला. चाचींना एक डोळा मिटता येईना, तेव्हा त्यांनी तो तळहातानं झाकला. मुलगी कानाशी वाकून सांगत होती: हे मोठे जुने, हे बारीक नवे. चाची बघत राहिल्या. इतका वेळ, की मला वाटलं त्यांना काही दिसतच नसावं आणि सांगायला संकोचत असाव्यात. पण त्यांनी बोटानं खूण करून पहिला अर्धा पुन्हा मागितला, मग पुन्हा दुसरा.

मग त्यांनी तो पिवळा खडा काढून घेतला, अंगठ्यानं चोळला. हवा गिळली.

"दर्द होता क्या इसकू?"

"नै, अम्मी."

चाचींनी खडा टेबलावर ठेवला. "मेरेकू होता," त्या म्हणाल्या. "पर मैं बोलती थी ना. तब बोलती थी."

कमरुन्निसा रडली नाही. उभ्या जागी टेबलाची कड धरून राहिली. चाची स्टुलावरून उठल्या, पदर गळ्यावर ओढला आणि जिन्याकडं निघाल्या. मी त्यांना हात द्यायला पुढं झाले. त्यांनी माझा हात घेतला.

त्यानंतर माफी झाली असं काही मी म्हणणार नाही. चाची तिच्या हातचं जेवायला लागल्या, एवढं झालं. आणि एक झालं, की तो आवाज त्यांनी घराबाहेर काढायला सुरुवात केली. पहिल्यांदा भाजीवाल्याशी. तो दचकून टोपली टाकून मागं सरला म्हणे. चाचींनी पुन्हा तोच भाव विचारला. मग गल्लीला सवय झाली. शिकवलेल्या मुलींपैकी लग्न होऊन गेलेली एक बाळंतपणाला माहेरी आली होती. ती येऊन समोर बसायची आणि वाचायची. चाची डोळे मिटून ऐकायच्या, चुकलं की मांडीवर बोट आपटायच्या. पुढं तिच्याबरोबर आणखी दोघी-तिघी यायला लागल्या. पूर्वीसारखी ओळ काही भरली नाही.

कमरुन्निसानं पावसाळ्यात काम पुन्हा हाती घेतलं. मी कारण विचारलं नाही. फक्त फोटो दाखवताना ती आता नुकसान हा शब्द वापरत नसे, बदल म्हणायची. सर प्रबंधात तो दुरुस्त करायचे, ती ऐकायची आणि करून द्यायची.

अठ्ठ्याहत्तरमध्ये गल्लीतले इलाहीबक्ष शिंपी बायकोला घेऊन आले. तिच्या जिभेला गाठ होती, डॉक्टरांनी किरण सांगितले होते. "बेटी, तू ह्याच्यातली आहेस," ते म्हणाले. "सांग, द्यावा का शेक?"

कमरुन्निसानं आधी त्यांच्या बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "चाचा, मी दगडांवर काम करते. माणसांचं मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारा, आणि या तुमच्या घरच्या चाचींनाच समोर बसवून विचारा."

इलाहीबक्षना ते आवडलं नाही. शिकलेल्या पोरीला एवढंही सांगता येऊ नये, असं ते बाहेर जाऊन बोलले. त्यांच्या बायकोचं पुढं काय झालं ते मला कळलं नाही; त्यांनी गल्लीच सोडली.

कमरुन्निसाला पदवी मिळाली ती एकोणऐंशीत. त्याच वर्षी माझं लग्न ठरलं आणि मी सोलापूर सोडलं. निघायच्या आदल्या दिवशी पत्रिका घेऊन मी त्यांच्याकडं गेले. दारातच भांडण ऐकू आलं. चाची स्टोव्हपाशी उभ्या होत्या आणि त्या खरखरत्या आवाजात, हवा गिळून गिळून, मुलीला सुनावत होत्या की आंबट डाळीत कुणी एवढी चिंच घालतं का. कमरुन्निसा कणीक मळता मळता तिथूनच उत्तर देत होती, की चव तरी कळते का तुला, उगाच आपलं. चाचींनी पळी आपटली. चाचा ओसरीवर वर्तमानपत्र धरून बसले होते. मला बघून त्यांनी डोळ्यांनीच खूण केली, आत जाऊ नकोस, थोडं होऊ दे. मी त्यांच्याजवळ बसले. आतलं भांडण बराच वेळ चाललं होतं.